माडीवरच्या खोलीत जुन्या सागवानी फळ्यांची जमीन करायची आहे, बेळगावच्या हवेत टिकेल का?

माडीवाला
२१ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातलं आमच्या चुलत्यांचं कडीपाटाचं घर उतरवलं. माडीच्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी जमिनीच्या, सागवानी फळ्या वाटणीत आमच्याकडे आल्यात. रुंदी आठ ते दहा इंच, जाडी इंचाला थोडी वर, लांबी सहा फुटांपासून नऊ फुटांपर्यंत. वरच्या अंगाला मातीचा थर धरलाय, खालच्या अंगाला चुलीच्या धुरानं काळ्या पडल्यात. एक कोपरा रंध्यानं मारून बघितला, आतलं लाकूड खणखणीत आहे.

टिळकवाडीतल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर १२ बाय १४ ची खोली आहे. स्लॅब जुना, वर मोझॅइक टाइल. त्या खोलीत या फळ्यांची जमीन करायची डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो लॅमिनेट घाला आणि मोकळे व्हा. सुतार म्हणतो, "टाइलवर ठेवून स्क्रू मारून सोडू, दोन दिवसांचं काम." दोघांवरही विश्वास बसेना म्हणून इथं विचारालोय.

टाइल काढावी लागेल का? फळ्या आहेत तशा रुंद घालाव्यात की चिराव्यात? आणि आपल्या पावसाचं काय?

शहापूरचा_टाइलवाला
२१ फेब्रुवारी, रात्री १०:४०

माझा धंदा टाइलचा, त्यामुळं माझं बोलणं तेवढं वजा करून वाचा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, तिथं लाकडाची जमीन? वर लाकडाची छपाई असलेली एसपीसीची पट्टी मिळते, आत दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. पाणी सांडलं तरी काही होत नाही, एकात एक अडकवून दिवसभरात खोली तयार. लॅमिनेट मात्र घेऊ नका. त्याच्या आत दाबलेला भुसा असतो, सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत.

जांबोटी_घाट
२१ फेब्रुवारी, रात्री ११:०५

टाइलवाले भाऊ, आमच्याकडं जांबोटीला बेळगावपेक्षा जास्त पाऊस आणि आमच्या माडीला आजोबांच्या वेळची तक्तपोशी आहे. अजून त्यावर भाताची पोती पडतात. लाकूड पावसात टिकत नाही असं नाही.

पण माडीवाले, तुमच्या खोलीत आणि त्या माडीत एक फरक आहे, तो आधी समजून घ्या. तक्तपोशीला खालनं हवा असते. खाली चूल, धूर, माणसांचा वावर. वर मातीचा थर आणि सारवण, तेही हवा खेळू देणारं. फळीच्या दोन्ही अंगांना ओल एकसारखी चढते, एकसारखी उतरते. फळी फुगते, आकसते, पण सरळ राहते. आणि फटी पडल्या तरी कोण बघतंय, वर माती आहेच. तीच फळी तुम्ही स्लॅबवर झोपवून वरून चकचकीत पॉलिश मारलं की एक अंग बंद, एक अंग उघडं. मग ती पापडासारखी वळते.

रंधा_पटाशी
२२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

जांबोटीकरांनी मुद्द्याचं सांगितलं. मी पिढीजात सुतारकामातला, आता उद्यमबागला छोटं युनिट आहे. सविस्तर लिहितो, लांबेल.

लाकूड कापून कितीही वर्षं झाली तरी ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ४० टक्के राहिली तर लाकूड साधारण साडेसात टक्के ओलाव्याला येऊन थांबतं, ६० टक्क्यांना पावणेअकरा, ८० टक्क्यांना सोळाच्या जवळ, ९० ला विसाच्या घरात. आपल्याकडं मार्चमध्ये दुपारी कोरडं वारं सुटतं आणि जुलैत खिडकीची काच आतून घामेजते. घरातली फळी वर्षभरात ८ ते १६ टक्क्यांमध्ये हिंदकळते असं धरून चाला. लांबीत ती जवळपास हलत नाही, रुंदीत हलते.

आता हिशोब. साग हा हलण्याच्या बाबतीत सभ्य लाकूड. आडव्या कापाच्या सागाची फळी ओलाव्याच्या दर टक्क्याला रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के हलते. म्हणजे तुमची दहा इंची, २५० मिमीची फळी मार्च ते जुलै पावणेचार मिमी हलणार. तीच चिरून तीन इंची केली तर प्रत्येक पट्टी एक मिमीच्या आसपास. एकूण हालचाल तेवढीच, पण ती बारा-पंधरा सांध्यांऐवजी पन्नासेक सांध्यांत वाटली जाते आणि डोळ्याला दिसत नाही. रुंद पट्टी वळायलाही जास्त बघते. म्हणून चिरा. रुंद फळ्यांचं कौतुक फोटोत ठीक.

दुसरं, फळीचं टोक ताजं कापून बघा. वर्षवलयं टोकाला आडवी पसरलेली दिसली तर ती फळी जास्त हलणार. उभी, फळीच्या जाडीत खाली-वर जाणारी दिसली तर जवळपास निम्मीच हलते. दहा इंची फळीच्या मधल्या भागात बहुतेक आडवी आणि दोन्ही कडांना उभी-तिरकी वलयं असतात. तेव्हा चिरताना कडांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवा. खिडकीखाली आणि बाथरूमच्या दाराजवळ त्याच घाला.

कडेला पांढरट पट्टा असेल तर तो काढून टाका, सागाचा असला तरी. भुंगा आधी त्यातच शिरतो. वाळवी आतल्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, पांढऱ्याला लावते.

टाइल काढायची गरज नाही, पण त्याबद्दल सिव्हिलवाल्यांनी सांगावं.

टोरांटोतला_बेळगावकर
२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१८

इकडं घराघरांत ओकची पट्टी असते. पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद, एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच. घरच लाकडी सांगाड्याचं असल्यामुळं खाली प्लायचा थर आयताच मिळतो. जिभेच्या वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशात खिळा मारत जातात, पुढच्या पट्टीची खाच तो झाकते, वर एकही खिळा दिसत नाही. दर आठ-दहा इंचांवर एक. शेजारच्या ओळींचे टोकाचे सांधे सहा इंचांपेक्षा जवळ येऊ देत नाहीत.

गंमत म्हणजे इकडं फटी हिवाळ्यात पडतात. बाहेर बर्फ, आत हीटर, हवा कोरडीठाक. उन्हाळा आला की मिटतात. आमच्या शेजाऱ्यानं नवी जमीन पहिल्याच हिवाळ्यात भरण करून बुजवली, उन्हाळ्यात पट्ट्या एकमेकींवर चढल्या. फटी बुजवू नका एवढंच सांगतो.

रंधा_पटाशी
२२ फेब्रुवारी, रात्री ९:०२

टोरांटोकर, बरोबर. ओक सागाच्या जवळपास दुप्पट हलतो. तिकडचे लोक अडीच इंचाच्या आत राहतात ते उगीच नाही. पण तिकडची पद्धत जशीच्या तशी इथं चालत नाही, कारण आपल्याकडं खाली लाकडी सांगाडा नाही, स्लॅब आहे. तो सांगाडा आपल्याला आधी तयार करावा लागतो.

निपाणीची_सून
२३ फेब्रुवारी, दुपारी २:४५

मी फक्त वापरणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. आमच्या दीरांनी पुण्यातल्या फ्लॅटला इंजिनीयर्ड वूड घातलंय. वर तीन-चार मिमी खरा ओक, खाली आडवे-उभे चिकटवलेले थर. दिसायला छान, हलतं कमी. पण कामाला येणाऱ्या मावशींना बादली, फिनेल आणि ओलं फडकं याशिवाय जमीन पुसली असं वाटतच नाही. वर्षभरात दारासमोरच्या पट्ट्या कडेनं काळ्या पडल्या. आता रोज केरसुणी, आणि पुसायचं तर फडकं घट्ट पिळून.

आणि एक. त्या खोलीत गणपती बसतो का? पाणी, फुलं, गुलाल, समईचं तेल. गुलाल सांध्यात गेला की काढणं अवघड. आधी विचार करा, मग खोली ठरवा.

माडीवाला
२३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

वहिनी, गणपती खाली बसतो. वरची खोली वडिलांची, पुस्तकं आणि एक पलंग. बाथरूम मात्र लागून आहे.

रंधादादा, चिरायचं पटलं, जीव थोडा खालीवर झाला तरी. ओलावा मोजायचं मीटर घेतलं. दोन सुयांचं. फळ्या सध्या गॅरेजमध्ये आहेत, ९ ते ११ दाखवतंय. एक फळी १४ दाखवते, ती भिंतीला टेकून होती.

टाइल ठोकून बघितल्या. बाथरूमच्या बाजूला चार-पाच पोकळ वाजतात, बाकी घट्ट.

सिव्हिल_डायरी
२४ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

पोकळ वाजणाऱ्या टाइल काढा आणि तिथं आधी बाथरूमची गळती बघा. लाकूड घातल्यावर ती गळती कळेपर्यंत फार उशीर झालेला असेल. नहाणीच्या ट्रॅपभोवती आणि भिंतीच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंग करून घ्या. खालच्या खोलीच्या छताला डाग आहे का तेही बघा. तो असला तर उत्तर तिथंच मिळालं.

मग प्लास्टिकची साधी चाचणी. दीड फूट चौकोनी जाड पॉलिथिन टाइलवर पसरून चारी कडा टेपनं हवाबंद चिकटवा आणि निदान १६ तास सोडा. उचलल्यावर आतून दव किंवा टाइलचा सांधा गडद दिसला तर खाली ओल आहे. वरच्या मजल्यावरच्या जुन्या स्लॅबला सहसा काही निघत नाही. नव्या काँक्रीटला मात्र दर इंच जाडीला महिनाभर वाळायला लागतो असा ढोबळ हिशोब असतो, आणि तोही पावसाळा सोडून. ज्यांचं बांधकाम नुकतं झालंय त्यांनी हा धागा वाचून लगेच सुतार बोलावू नये.

समपातळी. दहा फुटी सरळ पट्टी किंवा दोरी धरून बघा, पाच मिमीपेक्षा जास्त खड्डा-उंचवटा नको. पाणसळ दाखवते तो उतार वेगळा. जमीन थोडी उतरती असली तरी चालते, खड्डे नकोत.

यानंतर १५० मायक्रॉनचं पॉलिथिन, सांध्यांना निदान सहा इंच एकावर एक. त्यावर १९ मिमीचं बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारं) प्लाय, पत्र्यांमध्ये तीन-चार मिमी जागा सोडून, स्क्रूनं टाइलमधून खाली घट्ट. आता भोक पाडणाऱ्या माणसाशेजारी उभे राहा. मोझॅइक टाइल पाऊण-एक इंच, खाली मालाचा दीड-दोन इंच थर, मग स्लॅब. जुन्या घरांत खालच्या पॉइंटच्या वायरचे पाइप कधी कधी याच मालाच्या थरातून गेलेले असतात. बोर्डापासून सरळ रेषा काढून खडूनं आखा आणि तो पट्टा सोडा. बाथरूमच्या पाण्याच्या पाइपलाही तेच. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या.

उंचीचाही विचार आत्ताच करा. १९ मिमी प्लाय, १८ मिमी फळी, म्हणजे जमीन दीड इंच वर आली. दाराची फळी खालून कापावी लागेल. बाहेरच्या पॅसेजला पायरी येणार, तिथं वडिलांचा पाय अडखळू नये म्हणून उतरती लाकडी पट्टी द्या. बाथरूमचा उंबरठा नव्या जमिनीपेक्षा वर राहिला पाहिजे. नसेल तर कडप्प्याची पट्टी चढवा. माझ्या मते सगळ्या धाग्यात हा उंबरठा सर्वांत महत्त्वाचा.

शहापूरचा_टाइलवाला
२४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

एवढं सगळं? आमच्या पट्टीला यातलं काही लागत नाही 😀

जांबोटी_घाट
२४ फेब्रुवारी, दुपारी १:४०

लागत नाही म्हणूनच पंधरा वर्षांनी ती उपसून टाकायची आणि नवी घालायची. ही साठ वर्षं जुनी फळी अजून दोनदा-तीनदा घासून नवी करता येईल. बाकी तुमचं बरोबर, भाड्यानं द्यायची खोली असेल तर मीही एसपीसीच सांगेन.

चंदगडी_माणूस
२५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

जरा वेगळं विचारतो. आमच्याकडंही घर उतरवलंय, लाकूड शिनोळी मार्गे बेळगावला आणून चिरून घ्यायचं म्हणतोय. जुन्या लाकडाला कागद लागतो का?

रंधा_पटाशी
२५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

चंदगडकर, सागवान रस्त्यावर आणायचं तर जंगल खात्याचा वाहतूक परवाना ही पहिली गोष्ट. तुमचं लाकूड महाराष्ट्रातून कर्नाटकात येणार, म्हणजे दोन राज्यांचे नियम. आधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, उतरवण्याआधीचे घराचे फोटो आणि घरपट्टीची पावती न्या. शिसवीच्या तुळया असतील तर त्या चोरून आणायच्या भानगडीत अजिबात पडू नका. नवा साग हवा असेल त्यांच्यासाठी दांडेलीच्या सरकारी डेपोचा लिलाव आहे, पण १२ बाय १४ च्या खोलीसाठी लिलावात कोण उभं राहणार. बेळगावातल्या वखारीतून बिल घेऊन घ्यायचं.

माडीवाल्यांसाठी चिरण्याचं. खोली १६८ चौरस फूट. इंची फळीचा हिशोब धरला तर १४ घनफूट. जुन्या फळीत खिळ्यांची भोकं, फाटलेली टोकं, पीळ पडलेले तुकडे जाणार, म्हणून २० टक्के वर धरा, सतराच्या आसपास. नव्या लाकडाला दहा टक्क्यांत भागतं.

आता खिळे. जुन्या फळीत डोकं तुटलेला खिळा आत राहिलेला असतो आणि मिलवाला त्यालाच घाबरतो. एक खिळा लागला की ब्लेडचे दात गेले, म्हणून जुनं लाकूड म्हटलं की नाही म्हणतात. फळी आडवी ठेवून तारेच्या ब्रशनं माती काढा. मग स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून एक इंच उंचीनं सावकाश फिरवा. जिथं दोरी तिरकी ओढली गेली तिथं खडूची फुली. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतंच, त्या काळ्या डागाच्या मधोमध पटाशीनं थोडं कोरलं की गंजका देठ दिसतो. पक्कडीनं सरळ ओढू नका, आधी मागून ठोकून ढिला करा. काळे डाग राहू द्या, ते घासून जात नाहीत आणि मला तर ते आवडतात. तोंडाला मास्क लावा. सागाची भुकटी नाकाला आणि कातडीला चांगलीच बाधते, जुन्या रंगाची त्याहून जास्त.

पट्ट्या चिरून, रंधून, जीभ-खाच पाडून झाल्या की गठ्ठा बांधून ठेवायचा नाही. त्याच खोलीत, मधे रिपा (बारीक लाकडी पट्ट्या) घालून, हवा खेळेल अशी चळत लावा. पंखा सोडा. पण बसवायची घाई आत्ता करू नका.

माडीवाला
२५ फेब्रुवारी, रात्री ९:२०

का? मार्चमध्ये कोरडी हवा, काम पटकन होईल असं वाटलं होतं. सुतारही मोकळा आहे.

रंधा_पटाशी
२५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सुतार मोकळा आहे हे कारण पुरे नाही 😀

मार्चमध्ये फळी सर्वांत आकसलेली असते. तेव्हा घट्ट बसवली की जुलैत तिला फुगायला जागाच नाही. भिंतीला भिडते आणि मधोमध उचलते. जुलैत बसवली तर उलटं, एप्रिलमध्ये सांध्यात नाणं उभं जाईल. मधला काळ घ्या. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्यानंतर दिवाळीच्या पुढंमागं, फळी बारा टक्क्यांच्या आसपास येते. तिथून वर चार, खाली चार. दोन्हीकडं सारखी.

बारा टक्क्यांवर बसवली तरी तुमच्या १२ फूट रुंदीत पावसाळ्यात कागदावरची वाढ २७ मिमी येते. खिळे आणि सांधे थोडं अडवतात, प्रत्यक्षात कमी होते. तरी दोन्ही भिंतींशी १५-१५ मिमी जागा मोकळी ठेवायची. फळ्या १४ फुटांच्या दिशेनं लावा, टोकांना १० मिमी पुरे. ही जागा झाकायला स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, किमान १८ मिमी जाड, आणि ते भिंतीत खिळा मारून बसवायचं, जमिनीत नाही. बरेच जण इथंच चुकतात. स्कर्टिंग जमिनीला खिळलं की मोकळी जागा असून नसल्यासारखी.

ज्यांना मार्च-एप्रिलमध्येच करावं लागतंय त्यांनी दर ओळीला पत्र्याचा पातळ तुकडा घालून केसभर फट सोडत जावं आणि शेवटी तुकडे काढून घ्यावेत.

सिव्हिल_डायरी
२५ फेब्रुवारी, रात्री १०:५०

+१. आणि प्लायही तेव्हाच. पावसाळ्याआधी प्लाय मारून ठेवू नका.

निपाणीची_सून
२६ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

पॉलिशचं कुणी बोललंच नाही. पीयू की तेल?

रंधा_पटाशी
२६ फेब्रुवारी, रात्री ८:०५

पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, ते मारलं की वर कातडी बसते. पुसायला सोपं, दिसायला नवं. पण ओरखडा पडला की तेवढाच भाग नीट होत नाही, सगळी खोली घासावी लागते. आणि पट्ट्या हलतात तेव्हा सांध्यावर ते तडकतं. तेल किंवा मेणमिश्रित तेल लाकडात मुरतं, ओरखडा पडला तर तिथंच घासून बोटभर तेल लावता येतं. वर्षा-दोन वर्षांनी हात मात्र मारावा लागतो. वडिलांची खोली, जास्त वावर नाही, म्हणून मी तेल म्हणेन. फर्निचरचं चंद्रस पॉलिश जमिनीला नको, पाणी पडलं की पांढरं पडतं.

उकळलेलं अळशीचं तेल वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. प्रत्येक चिंधी पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

आणि फळीच्या खालच्या अंगालाही बसवण्याआधी एक हात तेल द्या. जांबोटीकरांनी सांगितलेलं एक अंग बंद, एक उघडं, त्यावर एवढाच इलाज आपल्या हातात आहे.

टोरांटोतला_बेळगावकर
२७ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

घासण्याबद्दल. इकडं ड्रमचं मशीन भाड्यानं मिळतं. ४० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात, मग ६०, ८०, शेवटी १००. मधला नंबर गाळला की आधीच्या रेघा तेल लावल्यावर उठून दिसतात. पहिल्या पावसाळ्यात कडा वर आल्या तर लगेच घासून सपाट करू नका. पाऊस गेल्यावर फळी परत बसते आणि घासलेल्या कडा खाली जाऊन मधला भाग फुगलेला राहतो, कायमचा.

माडीवाला
२७ फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे आभार. सुताराला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "लाकडाला मुहूर्त बघालाय काय?" बघू या.

माडीवाला
१४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

धागा वर काढतो. पट्ट्या चिरून, जीभ-खाच पाडून, वरच्या खोलीत रिपांवर चळत लावून आहेत. सगळ्या तीन इंची नाही झाल्या, अडीच आणि साडेतीन अशा मिसळ आहेत. मीटर आज १५-१६ दाखवतंय. एका पट्टीवर फेब्रुवारीत पेन्सिलनं रुंदी लिहून ठेवली होती, तीच आज पट्टी धरून मोजली तर मिलिमीटरनं वाढलीये. बाथरूमचा ट्रॅप खरंच गळत होता, तो नवा बसवला. उंबरठ्याला कडप्पा चढवला.

चळतीत चार-पाच पट्ट्यांना पीळ पडलाय. वापरू की टाकू?

रंधा_पटाशी
१४ ऑगस्ट, रात्री ८:४५

पीळ पडलेल्या पट्ट्या लांबीत कापून तुकडे करा. दोन फुटांच्या तुकड्यातला पीळ ठोकून बसतो, सहा फुटांतला बसत नाही. ते तुकडे ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला लागतातच. बसवण्याआधी पट्ट्या आणि प्लाय, दोन्हींना मीटर लावा. दोघांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

माडीवाला
३० नोव्हेंबर, रात्री ८:२०

झालं. प्लाय आणि पट्ट्या दोन्ही ११ ते १२ वर आल्यावर काम धरलं. पहिली ओळ भिंतीला समांतर न लावता दोरी ताणून लावली, कारण भिंत एका टोकाला बोटभर वाकडी निघाली. तो वाकडेपणा सगळा स्कर्टिंगखाली गेला. पहिल्या आणि शेवटच्या दोन ओळींना खिळा तिरका मारायला जागाच नसते, तिथं वरून खिळे मारून डोकी आत बसवली. बाकी सगळे जिभेतून. प्रत्येक खिळ्याला आधी बारीक भोक पाडायचा सुताराला कंटाळा आला होता, पण दोन जिभा उभ्या फाटल्यावर तोच आपण होऊन पाडायला लागला.

वडिलांनी अनवाणी दोन फेऱ्या मारल्या आणि "थंड लागत नाही" एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं.

एकच शंका. पलंगाच्या बाजूला एका जागी पाय पडला की कुरकुर वाजते.

सिव्हिल_डायरी
३० नोव्हेंबर, रात्री ९:१०

तिथं प्लायचे दोन पत्रे मिळतात का ते आठवा. स्क्रू कमी पडला असेल.

माडीवाला
३० नोव्हेंबर, रात्री ९:२५

होय की, सांधा तिथंच आहे.

रंधा_पटाशी
३० नोव्हेंबर, रात्री ९:५०

आधी सांध्यात टाल्कम पावडर टाकून ब्रशनं आत घाला आणि त्यावर चालून बघा. जीभ खाचेला घासून आवाज येत असेल तर तेवढ्यानं थांबतो. तरी वाजली तर दोन ओळींच्या मधोमध बारीक भोक पाडून प्लायपर्यंत जाणारे दोन स्क्रू, डोकं आत बुडवून, वर त्याच लाकडाची गुल्ली. उरलेले तुकडे फेकले नाहीत ना? गुल्ल्या त्यातूनच काढा, रंग जुळतो. आणि एक पावसाळा जाऊ द्या, तोपर्यंत त्या जागी आणखी काही करू नका.